सूर, यंत्र आणि झाडीपट्टी
संगीत-तंत्रविद्येचे विद्यापीठीय शिक्षण व गोंदिया जिल्ह्यातील त्याचे उपयोग

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वेस्थानकापासून जवळच कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. कोयापुनेमाच्या परंपरेतील कथेनुसार, या गुहेत कोंडल्या गेलेल्या कालीकंकालीच्या तेहतीस बालकांच्या मुक्ततेत पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांच्यासमवेत हिरासुका पाटालीर या संगीतकाराचाही वाटा होता. त्याच्या संगीताने बळ संचारले आणि गुहेच्या तोंडावरील शिळा दूर झाली, असे श्रद्धाळू सांगतात. नादात सामर्थ्य असते, ही जाणीव या भूमीत किती जुनी आहे, याची ही कथा साक्ष होय.

नादाच्या या सामर्थ्याचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करणारी, तो टिपणारी, मोजणारी, जतन करणारी आणि सर्वांपर्यंत पोहोचविणारी विद्या म्हणजे संगीत-तंत्रविद्या. देशातील व परदेशांतील विद्यापीठांत ही आता स्वतंत्र अभ्यासशाखा झाली आहे. ही विद्या महानगरांतील चित्रपटसृष्टीपुरतीच उपयोगी आहे, असा समज ग्रामीण भागात आढळतो. गोंदियासारख्या जिल्ह्यात ध्वनीचे प्रश्न किती आहेत हे पाहिले, म्हणजे हा समज टिकत नाही.

झाडीपट्टीची रंगभूमी : एक खुली प्रयोगशाळा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा प्रदेश 'झाडीपट्टी' या नावाने ओळखला जातो. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते आणि तिच्यासोबत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोककलांच्या पायावर उभी राहिलेली ही रंगभूमी आजही हजारो प्रेक्षकांना रात्रभर खिळवून ठेवते. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वडसा हे नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री सन्मान मिळाला, ही संपूर्ण झाडीपट्टीला अभिमानाची गोष्ट ठरली.

या नाटकांत गाणी प्रत्यक्ष गायिली जातात आणि वादक समोर बसून साथ करतात. पूर्वी ऑर्गन, हार्मोनियम व तबला असे. आज त्यांच्या जोडीला विजेवर चालणारा की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आला आहे. म्हणजेच संगीत-तंत्रविद्या येथे केव्हाच पोहोचली आहे. पोहोचायचे राहिले आहे ते तिचे शिक्षण.

एक उदाहरण पुरेसे ठरेल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग या संगीतकाराला १९६७ साली असे आढळले की, एका ध्वनिलहरीची कंपनसंख्या दुसऱ्या लहरीने अतिशय वेगाने बदलत ठेवली, तर घंटेपासून तुतारीपर्यंत नाना प्रकारचे नाद निर्माण करता येतात. विद्यापीठाने हे तंत्र यामाहा या जपानी कंपनीला वापरण्यास दिले आणि १९८३ साली त्यावर आधारलेला डीएक्स-७ हा की-बोर्ड बाजारात आला. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडण्याची 'मिडी' ही सामायिक पद्धतही प्रचारात आली. विद्यापीठातील एका कुतूहलाचे फळ जगभरच्या संगीतमंचांवर पोहोचले. आज मंडईच्या मंडपात वाजणारी विजेची वाद्ये याच प्रवासाची वारसदार आहेत.

भारतीय परंपरा

या विषयात आपण केवळ ग्राहक आहोत, असे मात्र नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भारतीय संगीतातील बावीस श्रुतींच्या मोजमापाचा ध्यास घेतला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातील स्वर पडताळून त्यांनी आपले निष्कर्ष १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी हे काम पुढे नेले आणि त्यातून निघालेली श्रुति-हार्मोनियम १९१६ च्या बडोदे येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत चर्चेचा विषय झाली. तिच्याविषयी मतभेद झाले. पण स्वर मोजता येतो आणि मोजून पाहावा, ही दृष्टी त्यातून रुजली.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली तबला व मृदंग यांच्या नादाचे रहस्य उलगडले. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे उपनाद परस्परांशी सुसंवादी नसतात, म्हणून ढोलाचा आवाज सुरात लागत नाही. तबल्याच्या पुडीवर मध्यभागी शाईचा थर चढविला की हेच उपनाद मूळ नादाच्या पूर्णांकी पटीत येतात आणि तबला सुरात बोलू लागतो. आपल्या वाद्यकारागिरांनी हातांनी साधलेले हे भौतिकशास्त्र होते. रामन यांनी त्याला गणिताची भाषा दिली.

की-बोर्डविषयीचा एक प्रश्नही येथेच समजून घेता येतो. षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला २४० धरली, तर शुद्ध गांधार ३०० कंपनांवर लागतो. की-बोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्याने तोच गांधार सुमारे ३०२.४ कंपनांवर येतो. फरक लहान दिसतो, परंतु तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला तो खटकतो. याच कारणाने व गमक-मींड यांच्या अभावामुळे हार्मोनियमवर आक्षेप घेतले गेले आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर त्या वाद्याला मज्जाव होता. आज अनेक की-बोर्डांत स्वरांचे अंतर बदलण्याची सोय असते. ती कशी व कोठे वापरावी, हे कळण्यासाठी संगीत आणि गणित दोन्ही यावे लागतात. संगीत-तंत्रविद्येचा विद्यार्थी तो हाच.

अभ्यासक्रमात काय शिकवितात ?

या अभ्यासाचे स्थूलमानाने चार भाग पडतात. पहिला ध्वनिशास्त्राचा : लहर, कंपनसंख्या, तीव्रता, प्रतिध्वनी, वाद्यांची रचना आणि मानवी श्रवण. दुसरा ध्वनिमुद्रणाचा : माईकचे प्रकार, त्यांची मांडणी, मुद्रण, संपादन व मिश्रण. तिसरा संगणकाचा : ध्वनीचे अंकात रूपांतर, कृत्रिम नादनिर्मिती आणि संगीताचे विश्लेषण. चौथा खुद्द संगीताचा : स्वर, ताल, श्रवणाभ्यास व परंपरेचे ज्ञान. यांपैकी एकही भाग वगळला, तर शिक्षण लंगडे राहते. यंत्र जाणणारा पण सूर न ओळखणारा मनुष्य चांगले मुद्रण करू शकत नाही. आणि उत्तम गायकालाही आपला आवाज यंत्रात का बिघडतो, हे आपोआप कळत नाही.

या शिक्षणाच्या वाटा गोंदियापासून फार दूर नाहीत. जिल्ह्याच्या पूर्वेस, छत्तीसगड राज्यात, खैरागड येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. राजा वीरेंद्र बहादूर सिंह व राणी पद्मावती यांनी आपल्या कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ साली हे विद्यापीठ सुरू झाले. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या थोर मराठी संगीतज्ञाने त्याचे कुलगुरुपद भूषविले. संगीताबरोबर लोकसंगीताचेही शिक्षण देणारे हे केंद्र झाडीपट्टीच्या विद्यार्थ्यांना भाषेने व संस्कृतीने परके वाटण्यासारखे नाही. ध्वनिमुद्रणाचे व ध्वनियोजनेचे उच्च शिक्षण पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये मिळते. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर स्थापन झालेल्या या संस्थेचे विद्यार्थी रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. संगणकाच्या साह्याने भारतीय संगीताचे विश्लेषण करण्याचे संशोधन मुंबईच्या आय.आय.टी.त चालते.

तथापि प्रत्येकाला दूर जाणे शक्य नसते. गोंदिया जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात विज्ञान आणि संगीत हे दोन्ही विषय शिकविले जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका शाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेतील विषय घेण्यास प्रोत्साहन दिले आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने संगीत आणि संगीताच्या विद्यार्थ्याने ध्वनिशास्त्र शिकावे, ही कल्पना त्यामुळे पूर्वीइतकी अव्यवहार्य राहिलेली नाही.

मंडपातील ध्वनी

आता या विद्येचे प्रत्यक्ष उपयोग पाहू. मंडईच्या रात्री मंडपात हजारो लोक बसलेले असतात. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की तीव्रता सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणजे कर्ण्यापासून ५ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकापेक्षा ८० मीटरवरच्या प्रेक्षकाला आवाज २४ डेसिबलने कमी ऐकू येतो. शेवटच्या माणसाला नीट ऐकू यावे म्हणून पुढचा कर्णा वाढविला, तर पुढे बसलेल्या मुलांचे कान दुखतात.

यावर शास्त्रीय उपाय असा की, एका मोठ्या कर्ण्याऐवजी मंडपात अंतराअंतराने लहान कर्णे लावावेत. परंतु येथे दुसरी अडचण येते. ध्वनीला ६० मीटर जाण्यास सुमारे ०.१७५ सेकंद लागतात, तर विजेच्या तारेतून तोच संकेत जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. त्यामुळे मागच्या प्रेक्षकाला प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येऊ लागतो. मागच्या कर्ण्याला तेवढाच विलंब दिला, की दोन्ही आवाज एकत्र मिळतात. ही सोय आजच्या ध्वनिमिश्रण यंत्रांत असते. अंतर मोजून भागाकार करण्याचे ज्ञान मात्र चालविणाऱ्याकडे असावे लागते.

नियम आणि रात्र

या विषयाला कायद्याची बाजूही आहे. केंद्र शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून १५ पर्यंत दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. रात्रभर चालणाऱ्या नाट्यपरंपरेपुढे यामुळे खरा पेच उभा राहतो. एका बाजूला शेकडो कलावंतांची हंगामी रोजी आणि गावाचा आनंद. दुसऱ्या बाजूला आजारी माणसे, तान्ही बालके आणि परीक्षेला बसणारी मुले. हिवाळ्यातील शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे ध्वनिलहरी खाली वाकतात आणि आवाज धानाच्या बांध्या ओलांडून शेजारच्या गावापर्यंत जातो. त्रास खरा आहे आणि परंपराही खरी आहे.

यंत्राचा आवाज कमी केला म्हणून नियमातून सुटका होत नाही. परंतु हेच नियम बंदिस्त सभागृहातील आतल्या श्रोत्यांपुरत्या ध्वनीला रात्रीच्या मनाईतून वगळतात. म्हणून प्रयोग सायंकाळी लवकर सुरू करणे, प्रयोगाचा कालावधी आटोपशीर करणे आणि जेथे शक्य असेल तेथे चांगले सभागृह उभारणे, हे मार्ग उरतात. सभागृह बांधताना ध्वनिशास्त्राकडे दुर्लक्ष झाले, तर मात्र पैसा व्यर्थ जातो.

हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेनासे झाले, तेव्हा वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने १८९५ पासून तेथे गाद्या आणून ठेवीत रात्री-रात्री मोजमापे केली. सभागृहाचे घनफळ आणि त्यातील पृष्ठभागांची ध्वनी शोषण्याची शक्ती यांवर आवाज घुमण्याचा काळ अवलंबून असतो, हे त्याने सूत्रबद्ध केले. हे सूत्र गावच्या समाजमंदिराला लावून पाहू. २० मीटर लांब, १० मीटर रुंद व ५ मीटर उंच असे गुळगुळीत गिलाव्याचे, फरशीचे रिकामे सभागृह घेतले, तर त्यात आवाज साडेसात सेकंदांहून अधिक काळ घुमत राहतो. २०० माणसे बसली की हा काळ दीड सेकंदाच्या आसपास येतो. भाषण स्पष्ट कळण्यासाठी तो एक सेकंदाजवळ असावा. बांबूचे तट्टे, जाड पडदे, भिंतींवरील सच्छिद्र आच्छादन अशा स्वस्त साधनांनी हा फरक भरून काढता येतो. ग्रामसभेत मागे बसलेल्या स्त्रियांना सरपंचांचे शब्द कळत नाहीत, याचे कारण कित्येकदा त्यांची उदासीनता नसून सभागृहाच्या भिंती असतात.

गोंदिया हे भातगिरण्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. गिरणीतील सततच्या गोंगाटाने कामगारांची श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होऊ शकते. कारखानाविषयक नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मंडपातील ध्वनी मोजणारे शिक्षण आणि गिरणीतील ध्वनी मोजणारे शिक्षण मूलतः एकच आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

विरत चाललेले सूर

सर्वांत निकडीचा उपयोग मात्र जतनाचा आहे. व्हेरिअर एल्विन व त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी शेजारच्या मैकल पर्वतराजीतील लोकगीतांचा संग्रह १९४४ साली प्रसिद्ध केला. हे कार्य मोलाचे आहे. पण कागदावर शब्द उतरतात, चाल उतरत नाही. रोवणीच्या वेळची गाणी, दंडारीची गाणी, गोंडी भाषेतील लग्नगीते यांचा प्राण चालीतच असतो. रोवणीला यंत्र आले, दळणाला चक्की आली, की त्या कामाबरोबरचे गाणेही थांबते. ते जाणणारी म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत. एक आजी गेली, म्हणजे कधीकधी गावातील शंभर गाणी एकाच दिवशी जातात.

महाराष्ट्रात असे कार्य झाल्याचे उत्तम उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत १९८० च्या दशकापासून ग्रामीण स्त्रियांच्या सहकार्याने हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. संगणक व संगीत या दोन्हींत काम करणारे बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाद्वारे २०१७ पासून त्या सर्वांना ऐकण्यास खुल्या झाल्या आहेत. शब्द टिपणारे आणि स्वर टिपणारे एकत्र आले, म्हणूनच हे घडले.

शाळा व ग्रामपंचायतींना करता येण्यासारखे

जैवविविधता कायद्यान्वये गावाच्या वनस्पती व प्राण्यांची लोकजैवविविधता नोंदवही तयार केली जाते. त्याच धर्तीवर प्रत्येक गावाची एक 'ध्वनिनोंदवही' करण्यास मोठा खर्च येत नाही. साधा मुद्रणयंत्रसंच किंवा चांगला मोबाइल, एक बाह्य माईक आणि माहिती साठविण्याच्या दोन चकत्या एवढे साहित्य प्रारंभास पुरते. मुद्रणापूर्वी पंखा बंद करावा, कोंबड्या व मोटारी यांच्यापासून दूरची खोली निवडावी, भिंतींना गोधड्या लावाव्यात आणि माईक गाणाऱ्यापासून वीतभर ते हातभर अंतरावर ठेवावा. जतनासाठीचे मुद्रण सेकंदाला ४८,००० नमुने व २४ बिट या प्रमाणात, आकुंचन न करता साठवावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. एका माईकने केलेल्या तासाभराच्या मुद्रणाला सुमारे अर्धा गिगाबाइट जागा लागते. त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. उदाहरणार्थ, एक शाळेत व एक तालुक्याच्या ग्रंथालयात.

प्रत्येक मुद्रणासोबत गाव, दिनांक, गाणाऱ्या व्यक्तीचे नाव, बोली, गाण्याचा प्रसंग आणि शब्द यांची नोंद हवीच. नोंदीवाचून मुद्रण म्हणजे पत्त्यावाचून पत्र. गाणाऱ्याची संमती आधी घेतली पाहिजे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क दिला आहे आणि आता तो ५० वर्षांपर्यंत टिकतो. गाणे गावाचे असले, तरी गळा त्या व्यक्तीचा असतो, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

विश्लेषणासाठी लागणारी साधनेही विनामूल्य उपलब्ध आहेत. ध्वनी संपादनासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठात उगम पावलेले 'ऑडॅसिटी', स्वरांची चढउतार रेखाचित्ररूपात पाहण्यासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठाचे 'प्रात' आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचे 'सॉनिक व्हिज्युअलायझर' ही त्यांपैकी काही. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने आपल्या आजीच्या गाण्यातील मींड संगणकाच्या पडद्यावर वळणाच्या रेषेच्या रूपात पाहिली, तर ध्वनिशास्त्राचा धडा त्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आणि आजीच्या गाण्याकडे पाहण्याची त्याची दृष्टीही बदलेल.

समारोप

संगीत-तंत्रविद्या शिकलेल्या प्रत्येकाला चित्रपटात काम मिळेल, असे सांगणे दिशाभूल करणारे ठरेल. परंतु नाटक मंडळ्यांचे ध्वनिसंयोजन, आकाशवाणी व दूरचित्रवाणी, ध्वनिसंग्रहालये, सभागृहांची रचना, गोंगाटाचे मापन, वाद्यदुरुस्ती आणि शिक्षण ही क्षेत्रे खुली आहेत आणि त्यांपैकी कित्येकांना झाडीपट्टीतच वाव आहे. मंडपात वायरी ओढता ओढता वर्षानुवर्षांच्या अनुभवाने तयार झालेले तरुण येथे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातातील कौशल्याला शास्त्राची जोड मिळाली, तर कला, रोजी आणि शेजाऱ्याची झोप या तिन्हींचा सांभाळ होऊ शकेल.

कथेतल्या संगीतकाराने कचारगडच्या गुहेचे तोंड मोकळे केले. आज गावोगावच्या वृद्धांच्या कंठात कोंडून राहिलेले सूर मोकळे करण्याचे काम समोर आहे. त्याला शिळा हलविण्याचे बळ नको. एक माईक, थोडे शिक्षण आणि वेळेवर उचललेले पाऊल एवढेच हवे.